जुन्या रिव्हॉल्व्हरची किंमत कोण ठरवते?

अमेरिकेत कोल्ट कंपनीच्या रिव्हॉल्व्हरबद्दल एक म्हण चालत आली आहे. माणसे देवाने निर्माण केली, पण त्यांना समान केले ते कोल्टने, असा तिचा अर्थ. दुबळ्याच्या हातात रिव्हॉल्व्हर आले की धिप्पाड माणूसही त्याला दबकून वागतो, म्हणून हे यंत्र समता आणणारे, अशी ही समजूत आहे. शस्त्रसंग्राहकांच्या पुस्तकांत आणि लिलावांच्या जाहिरातींत ती आजही मोठ्या प्रेमाने सांगितली जाते.

आमचा या म्हणीला आक्षेप आहे. समता दुकानात विकत मिळत असेल, तर तिची किंमत कोण लावतो? दुकानाचे दार कोणासाठी उघडे असते? विकत घेतल्यावर ती घरात ठेवायची परवानगी कोण देतो? या तीन प्रश्नांची उत्तरे शोधली की रिव्हॉल्व्हरने समता आणली की विषमतेला आणखी एक दात दिला, हे कळते. उत्तरे शोधायला फार लांब जावे लागत नाही. एखादे दीडशे वर्षांचे, चांगले राखलेले रिव्हॉल्व्हर संग्रहासाठी कसे शोधतात, कसे तपासतात आणि त्याची किंमत कशी ठरते, एवढे नीट पाहिले तरी पुरते. हा लेख त्यासाठीच आहे.

काही मित्र विचारतील, आंबेडकरी तरुणांना अमेरिकेतल्या जुन्या पिस्तुलांशी काय देणेघेणे? देणेघेणे आहे. १९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली, तेव्हा तिने नाव घेतले ते १९६६ साली ओकलंडमध्ये स्थापन झालेल्या ब्लॅक पँथर पक्षावरून. बंदुका घेऊन उभे असलेल्या काळ्या तरुणांची छायाचित्रे आपल्या मागच्या पिढीने पाहिली आणि आजची पिढी मोबाइलवर पाहते. त्या छायाचित्रांमागे शंभर वर्षांचा कायदा, पैसा आणि नि:शस्त्रीकरण यांचा इतिहास आहे. तो माहीत नसेल तर हाती फक्त पोझ उरते.

वस्तू कोणती?

'जुने रिव्हॉल्व्हर' या शब्दांत शेकडो नमुने येतात. आम्ही एकच उदाहरण घेतो, कारण ते संग्राहकांमध्ये सर्वांत जास्त मागणी असलेल्यांपैकी आहे आणि त्याचा इतिहास आपल्या कामाचा आहे. ते म्हणजे कोल्टचे १८७३ चे लष्करी रिव्हॉल्व्हर, 'सिंगल ॲक्शन आर्मी'.

सॅम्युएल कोल्टला फिरत्या सिलिंडरच्या पिस्तुलाचे अमेरिकन पेटंट १८३६ मध्ये मिळाले. त्याचा पहिला कारखाना १८४२ मध्ये बुडाला. १८४७ मध्ये सरकारने मेक्सिकोच्या युद्धासाठी एक हजार रिव्हॉल्व्हरची मागणी नोंदवली आणि धंदा पुन्हा उभा राहिला. म्हणजे 'समता आणणारे' हे यंत्र तगले ते सरकारी कंत्राटावर आणि शेजारच्या देशावर केलेल्या स्वारीवर. कोल्ट स्वतः १८६२ मध्ये वारला. १८७३ चा नमुना त्याच्या मृत्यूनंतरचा आहे. धातूचे काडतूस, सहा कप्प्यांचे सिलिंडर, पॉइंट ४५ ची नळी आणि प्रत्येक गोळीआधी अंगठ्याने मागे ओढावा लागणारा घोडा, अशी त्याची रचना. सैन्याची पहिली मागणी आठ हजारांची होती. १८९१ पर्यंत सरकारने सुमारे ३७ हजार नग घेतले. नागरी बाजारात हे रिव्हॉल्व्हर सुमारे १७ डॉलरला मिळत असे. त्या काळात साध्या अमेरिकन शिपायाचा महिन्याचा पगार १३ डॉलर होता. हे दोन आकडे लक्षात ठेवा, ते पुढे लागणार आहेत.

तपासायचे कसे?

चांगले राखलेले रिव्हॉल्व्हर म्हणजे चकाकणारे रिव्हॉल्व्हर नव्हे. नवा संग्राहक पहिल्यांदा फसतो तो इथेच. कारखान्यातून निघताना नळी आणि सिलिंडरला निळसर-काळा मुलामा असे, सांगाड्यावर भट्टीतून उतरलेले निळे-तपकिरी ढगांसारखे रंग असत आणि मूठ अक्रोडाच्या लाकडाची, तेल पाजलेली असे. काळाने हा मुलामा विरतो. जिथे हात लागतो, जिथे चामड्याचे म्यान घासते, तिथे आधी विरतो. अशी झीज ओळखता येते, कारण तिला वापराचे तर्कशास्त्र असते. पण कोणी ती वस्तू घासूनपुसून पुन्हा मुलामा चढवला असेल, तर कोपरे गोल होतात, कोरलेली अक्षरे उथळ होतात, स्क्रूच्या भोकांच्या कडा बसतात. अशा 'नव्या केलेल्या' नगाची किंमत संग्राहकांच्या बाजारात मूळ झिजलेल्या नगापेक्षा पुष्कळ कमी असते. अस्सल डाग बनावट चकाकीपेक्षा महाग, हा या बाजाराचा पहिला नियम.

दुसरी तपासणी यंत्राची. शस्त्र रिकामे आहे याची स्वतः, एकेक कप्पा बघून खात्री केल्याशिवाय कोणीही त्याला हात लावत नाही. या नमुन्याचा घोडा सावकाश ओढला की चार वेगवेगळे 'क्लिक' ऐकू येतात. एखादा आवाज गायब असेल तर आतला खाचेचा भाग झिजला किंवा तुटला आहे. घोडा पूर्ण मागे गेल्यावर सिलिंडर घट्ट बसले पाहिजे, डगडगता कामा नये. नळीत प्रकाश टाकून पाहिले की आतले पीळ स्पष्ट दिसतात की गंजाने खाल्ले आहेत हे कळते. काळ्या दारूची राख ओलावा धरते, त्यामुळे वापरून न पुसलेल्या नळीत खड्डे पडतात. एकोणिसाव्या शतकातली ही हत्यारे काळ्या दारूसाठी बनलेली आहेत. आजच्या काडतुसांचा दाब त्यांना झेपत नाही. म्हणून ती पाहायची असतात, चालवायची नसतात.

तिसरी तपासणी आकड्यांची. सांगाड्यावर, चापाच्या कड्यावर आणि मुठीच्या मागच्या पट्टीवर अनुक्रमांक असतो. लष्करी नगात नळी आणि सिलिंडरवरही असतो. सांगाड्यावर 'यू. एस.' अशी मोहोर असते आणि सरकारी तपासनिसाची आद्याक्षरे ठिकठिकाणी असतात. ऑर्विल एन्सवर्थ या सुरुवातीच्या तपासनिसाची आद्याक्षरे असलेल्या नगांवर संग्राहक तुटून पडतात, कारण त्या क्रमांकांतले काही नग कस्टरच्या सातव्या घोडदळाला मिळाले होते आणि ते घोडदळ १८७६ मध्ये लिटल बिगहॉर्नच्या लढाईत गेले. सगळे आकडे जुळले तर किंमत चढते, एक जरी भाग दुसऱ्या नगाचा निघाला तर उतरते.

जुळलेले आकडे आणि पुसलेला इतिहास

१८९० च्या दशकात सैन्याने नवे, पॉइंट ३८ चे रिव्हॉल्व्हर स्वीकारले. जुनी पॉइंट ४५ ची हत्यारे कोठारात जमा झाली. १८९५ पासून ती बाहेर काढून त्यांच्या साडेसात इंची नळ्या कापून साडेपाच इंची केल्या गेल्या. दुरुस्तीच्या टेबलावर शेकडो नग एकत्र खोलले गेले आणि पुन्हा जोडताना एकाची नळी दुसऱ्याला, दुसऱ्याचे सिलिंडर तिसऱ्याला लागले. कारागिराला ते चालणारे हत्यार हवे होते, आकड्यांशी त्याला कर्तव्य नव्हते. संग्राहक या आखूड नगांना 'आर्टिलरी' म्हणतात आणि लांब, जुळलेल्या नगांना 'कॅव्हलरी'. बाजारात 'कॅव्हलरी'ला जास्त पैसे पडतात. म्हणून काही लबाड विक्रेते आखूड नगावर लांब नळी बसवतात, आकडे घासून नवे कोरतात आणि तो 'मूळ' म्हणून खपवतात.

इथे थोडे थांबू. ज्या नगाने खरोखर वीस-पंचवीस वर्षे चाकरी केली, कोठारात गेला, पुन्हा निघाला, पुन्हा कामाला लागला, त्याच्या अंगावरच्या खुणा हा त्याचा इतिहास आहे. त्या खुणा पुसून त्याला कधीही न राबलेल्या नगाचे सोंग दिले की भाव वाढतो. श्रमाच्या खुणा पुसल्याशिवाय प्रतिष्ठा नाही, हा व्यवहार आपल्या समाजाला नवा नाही.

आता विचारा की सगळ्यांत चांगली राखलेली रिव्हॉल्व्हरे कोणाच्या घरातून येतात. कोरीव कामाची, हस्तिदंती मुठीची, मखमली पेटीतली रिव्हॉल्व्हरे सैन्याधिकाऱ्यांना, राजकारण्यांना, उद्योगपतींना भेट म्हणून गेली. त्यांनी ती फारशी वापरली नाहीत. कोरडे घर, पेटी, तेल पुसायला नोकर आणि विकायची वेळ न येणारी तीन पिढ्यांची संपत्ती असेल, तर वस्तू चांगली राहते. 'उत्तम स्थिती' या दोन शब्दांत वस्तूच्या गुणाइतकीच मालकाची ऐपत असते. गरिबाच्या घरातली वस्तू वापरून झिजते, गहाण पडते किंवा मोडीत जाते.

काळ्या पलटणींचा माग

यादवी युद्धानंतर १८६६ च्या कायद्याने अमेरिकन सैन्यात काळ्या सैनिकांच्या कायम पलटणी उभ्या राहिल्या. त्यांतली नववी आणि दहावी घोडदळाची. 'बफेलो सोल्जर' म्हणून त्या इतिहासात ओळखल्या जातात. पश्चिमेच्या वाळवंटात या घोडदळाच्या कमरेलाही १८७३ चे कोल्टच होते. कालपर्यंत ज्यांना हत्यार बाळगणे हा गुन्हा होता, त्यांना सरकारने स्वतः हत्यार दिले होते. अधिकारी मात्र जवळपास सगळे गोरे. वेस्ट पॉइंटच्या लष्करी अकादमीतून पदवी घेणारा पहिला काळा अधिकारी हेन्री फ्लिपर १८७७ मध्ये बाहेर पडला आणि दहाव्या घोडदळात रुजू झाला. १८८१ मध्ये त्याच्यावर सरकारी पैशांच्या अफरातफरीचा खटला चालला. त्या आरोपातून तो सुटला, पण 'अधिकाऱ्याला न शोभणारे वर्तन' असे ठरवून १८८२ मध्ये त्याला काढून टाकले. राष्ट्राध्यक्षांकडून त्याला माफी मिळाली ती १९९९ मध्ये. तेव्हा तो जाऊन एकोणसाठ वर्षे झाली होती.

या इतिहासाची दुसरी बाजूही झाकता येणार नाही. या काळ्या पलटणी लढल्या त्या मुख्यतः अमेरिकेच्या मूलनिवासी जमातींशी. एका पीडिताच्या हातात हत्यार देऊन दुसऱ्या पीडिताची जमीन घेतली गेली. आपल्या पूर्वजांनी ईस्ट इंडिया कंपनीच्या सैन्यात केलेल्या चाकरीबद्दल बोलतानाही आपण एवढाच प्रामाणिकपणा ठेवला पाहिजे. सैन्याने पगार दिला, शिक्षण दिले, माणूस म्हणून उभे राहण्याची जागा दिली. ती जागा देणाऱ्याचा हेतू मात्र आपली मुक्ती हा नव्हता. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत.

एखाद्या संग्राहकाला नवव्या किंवा दहाव्या घोडदळातले रिव्हॉल्व्हर हवे असेल तर? सांगाड्यावर पलटणीचे नाव सहसा नसते. अनुक्रमांक घेऊन जुन्या सरकारी कागदांत शोधावे लागते. एखाद्या तुकडीच्या हरवलेल्या, चोरीला गेलेल्या किंवा बदललेल्या हत्यारांच्या यादीत तो क्रमांक सापडला तर नशीब. बहुतेक क्रमांकांची अशी नोंद हाती लागत नाही. आणि जे नग १८९५ नंतर खोलून मिसळले गेले, त्यांच्या नळीचा माग एकीकडे आणि सांगाड्याचा दुसरीकडे जातो. कागद नसेल तर काळ्या शिपायाचे रिव्हॉल्व्हर हे कोणाचेही रिव्हॉल्व्हर होते.

कायद्यात रंग नव्हता, किंमत होती

सैन्याबाहेरच्या काळ्या माणसाचे काय? १८६५ मध्ये गुलामगिरी संपली आणि त्याच वर्षी मिसिसिपी राज्याने कायदा केला की सैन्यात नसलेल्या आणि स्थानिक मंडळाचा परवाना नसलेल्या मुक्त काळ्या माणसाने कोणतेही अग्निशस्त्र, दारूगोळा किंवा मोठा सुरा बाळगू नये. परवाना देणारे मंडळ गोऱ्यांचे. पुढे संविधानाच्या चौदाव्या दुरुस्तीने वंशाच्या नावाने असे उघड कायदे करणे अवघड केले. मग मार्ग बदलला.

१८७३ च्या एप्रिलमध्ये, म्हणजे हे रिव्हॉल्व्हर सैन्यात आले त्याच वर्षी, लुइझियाना राज्यातल्या कोलफॅक्स गावी सशस्त्र गोऱ्या टोळीने न्यायालयाची इमारत राखणाऱ्या काळ्या नागरिकांची कत्तल केली. शरण आलेल्यांनाही ठार केले. काही आरोपींवर खटला चालला. काळ्या नागरिकांचा शस्त्र बाळगण्याचा आणि एकत्र जमण्याचा हक्क हिरावल्याचा आरोप त्यात होता. १८७६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने 'क्रुइकशँक' खटल्यात सांगितले की संविधानातली ही बंधने केंद्र सरकारवर आहेत, खासगी टोळ्यांवर नाहीत. आरोपी सुटले. हक्क कागदावर होता, पण तो राखणारे कोणी नव्हते.

१८७९ मध्ये टेनेसी राज्याने आणखी एक कायदा केला. त्याने पिस्तुले आणि रिव्हॉल्व्हर विकण्यावर बंदी घातली आणि एकच अपवाद ठेवला: 'आर्मी' आणि 'नेव्ही' नमुन्याची पिस्तुले. १८८१ मध्ये आर्कान्सानेही तसेच केले. या कायद्यांत काळा-गोरा हा शब्दच नाही. पण काही थोड्या डॉलरांत मिळणारी स्वस्त खिशातली पिस्तुले बंद झाली आणि १७ डॉलरचे कोल्ट चालू राहिले. कायदा करणाऱ्यांचा हेतू काय होता, गुन्हेगारी रोखणे की काळ्यांना नि:शस्त्र ठेवणे, यावर अभ्यासकांत वाद आहे. परिणामाबद्दल वाद घालायला फारशी जागा नाही. सैन्यातून परतलेल्या गोऱ्या अधिकाऱ्याच्या घरात कोल्ट आधीच होते. वाट्याने शेती करणाऱ्या, सावकाराच्या वहीत अडकलेल्या काळ्या कुटुंबाला १७ डॉलर रोख वर्षाकाठीही हाती येणे कठीण होते.

आज संग्राहक ज्या नमुन्यांना 'अभिजात' म्हणतात, तेच नमुने तेव्हा कायद्याने ऐपतदारांसाठी राखले होते. जे स्वस्त होते त्यांना संग्रहातही मान नाही. कितीतरी स्वस्त पिस्तुलांवर बनवणाऱ्याचे खरे नावसुद्धा नाही.

त्याच टेनेसीतल्या मेम्फिस शहरात १८९२ च्या मार्चमध्ये थॉमस मॉस, कॅल्व्हिन मॅकडॉवेल आणि विल स्ट्युअर्ट या तीन काळ्या माणसांना जमावाने तुरुंगातून ओढून ठार केले. त्यांचा गुन्हा एवढाच की त्यांचे किराणा दुकान गोऱ्या दुकानदाराच्या समोर चांगले चालत होते. मॉस हा पत्रकार आयडा वेल्स यांचा मित्र. वेल्स यांनी त्यानंतर एक पिस्तूल विकत घेतले, हे त्यांनी स्वतः लिहून ठेवले आहे. पण त्या पिस्तुलाने कोणी समान झाले नाही. झुंडबळींच्या विरोधात वेल्स ज्या शस्त्राने लढल्या ते होते तारखा, नावे, ठिकाणे आणि गोऱ्यांच्याच वर्तमानपत्रांतून काढलेल्या आकड्यांचे. त्यांच्या वृत्तपत्राची कचेरी जमावाने त्याच वर्षी उद्ध्वस्त केली, यावरून कोणत्या शस्त्राची भीती जास्त होती ते समजून घ्या.

कागद जिंकतो

संग्राहकांचा बाजारही शेवटी याच निष्कर्षाला येतो. २०२१ च्या ऑगस्टमध्ये एक १८७३ नमुन्याचे कोल्ट लिलावात ६० लाख डॉलरहून जास्त किमतीला गेले. ते सोन्याचे नव्हते, कोरीवही नव्हते. पॅट गॅरेट या शेरीफने १८८१ मध्ये बिली द किड या गुन्हेगाराला ज्या रिव्हॉल्व्हरने मारले ते हेच, हे सांगणारी कागदांची साखळी त्याच्यासोबत होती. २०१९ मध्ये पॅरिसमध्ये एक गंजून सडलेले, मुठीचे लाकूडही नसलेले छोटे रिव्हॉल्व्हर १,६२,५०० युरोला विकले गेले. चित्रकार व्हॅन गॉग यांनी स्वतःवर गोळी झाडली ती बहुधा त्याच्यातून, असे मानले जाते. शेतात सापडलेले ते लोखंड वजनावर विकले असते तर चहाचे पैसे निघाले नसते.

म्हणून अनुभवी संग्राहक नव्याला सांगतात, आधी कागद बघ. कोल्ट कंपनीच्या दफ्तरातून अनुक्रमांकावरून पत्र मिळते. नग कोणत्या तारखेला, कोणाकडे रवाना झाला, नळी किती लांब होती, हे त्यात असते. मागच्या मालकांच्या पावत्या, सैनिकाच्या सेवेची नोंद, जुने छायाचित्र असले तर उत्तम. 'आजोबांनी सांगितले होते' एवढ्यावर पैसे द्यायचे नाहीत. आणि वस्तू चोरीची नाही ना, हेही पाहायचे. राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांचे १८९८ च्या युद्धातले रिव्हॉल्व्हर १९९० मध्ये त्यांच्या स्मारक-घरातून चोरीला गेले होते, ते २००६ मध्ये परत मिळाले. अशी वस्तू हातात आली तर ती संग्रह नसते, गुन्ह्याचा पुरावा असते.

आपल्याकडे

हे वाचून कोणा तरुणाला जुने रिव्हॉल्व्हर घ्यावेसे वाटले, तर त्याने हा भाग दोनदा वाचावा. अमेरिकेत १८९८ पर्यंत बनलेले अग्निशस्त्र केंद्रीय कायद्याने 'पुराणवस्तू' ठरते आणि सहज खरेदी करता येते. भारतात तसे नाही. १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली परवाना लागतो. २०१९ च्या दुरुस्तीनंतर सर्वसाधारण परवानाधारकाला दोनच अग्निशस्त्रे बाळगता येतात, त्यात वारशाने आलेलेही मोजले जाते. लष्करी काडतुसांची बरीच हत्यारे 'प्रतिबंधित बोअर' मध्ये मोडतात. कायद्यात पुराणवस्तूंना सूट आहे, पण ती फक्त दुरुस्ती करूनही चालणार नाही अशाच हत्याराला. जुने आहे म्हणून चालते, असे कोणी सांगत असेल तर तो फसवतो आहे. बाजारात 'इंग्रजांच्या काळातले' म्हणून दाखवली जाणारी कितीतरी हत्यारे गावठी असतात. अशा एका वस्तूपायी आपल्या वस्तीतल्या मुलावर गुन्हा दाखल झाला, तर नोकरी, पासपोर्ट, पोलीस पडताळणी, सगळे अडकते. वकील लावायची ऐपत नसलेल्याच्या गळ्यात तो फास वर्षानुवर्षे राहतो. रीलसाठी कमरेला पिस्तूल लावणाऱ्या भावांना आम्ही हे स्पष्ट सांगतो.

परवान्याचा इतिहास इथेही समतेचा नव्हता. १८७८ च्या शस्त्र कायद्याने भारतीयांना परवान्याची सक्ती केली आणि युरोपियनांना त्यातून मोकळे ठेवले. हा अपमान होताच. राष्ट्रीय सभेने त्याविरुद्ध ठराव केले. पण इंग्रज येण्याच्या कितीतरी आधी या देशातल्या शूद्र-अतिशूद्रांना धर्माच्या नावाने शस्त्र नाकारलेले होते, त्याबद्दल ठराव कोणी केला? बाबासाहेबांनी 'जातिप्रथेचे विध्वंसन' मध्ये १९३६ साली नेमका हा प्रश्न घेतला. चातुर्वर्ण्याने खालच्या वर्गांना शस्त्र, शिक्षण आणि संपत्ती या तिन्हींपासून दूर ठेवले, म्हणून इथे सामाजिक क्रांती झाली नाही, असे त्यांचे विवेचन आहे. त्यात शस्त्र एकटे येत नाही. टेनेसीचा कायदा हेच सांगतो. हत्याराचा हक्क दिला आणि पैसा, न्यायालय, शाळा काढून घेतली, तर तो हक्क दुकानाच्या काचेतच राहतो.

आणि हेच बाबासाहेब २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत सांगतात की सांविधानिक मार्ग उपलब्ध असताना रक्तरंजित मार्ग सोडून दिले पाहिजेत. सुभेदाराच्या मुलाने, पलटणींचा इतिहास जाणणाऱ्या माणसाने हे सांगितले आहे. ते दुबळेपणातून आलेले नाही. कोलफॅक्समध्ये काळ्यांच्या हातात बंदुका होत्या, तरी ते मारले गेले, कारण त्यांच्या मागे राज्ययंत्रणा उभी राहिली नाही. समता यंत्राने येत नाही. ती कायद्यात लिहावी लागते आणि तो कायदा राबवायला भाग पाडावे लागते.

मग जमवायचे काय?

जमवणे वाईट नाही. उलट आपण फार कमी जमवले, ही आमची तक्रार आहे. रिव्हॉल्व्हर अधिकाऱ्यांचे असे. आपल्या शिपाई पूर्वजांच्या घरात राहिली ती पदके, बिल्ले, पेन्शनचे कागद. १८१८ च्या कोरेगावच्या लढाईसाठी ईस्ट इंडिया कंपनीने १८५१ मध्ये, म्हणजे तेहतीस वर्षांनी, 'आर्मी ऑफ इंडिया' पदकावर 'कोरेगाव'ची पट्टी दिली. तोवर जे जिवंत होते त्यांनाच ती मिळाली. अशी पदके आज मोठ्या लिलावगृहांतून विकली जातात. वस्त्यांत काम करताना आम्ही पाहतो की आजोबांच्या पेटीतले चांदीचे पदक लग्नाच्या खर्चात सोनाराकडे गेले, पितळी बिल्ला भंगारात गेला आणि पेन्शनचे कागद पुराच्या पाण्यात गेले. त्यात कोणाचा दोष नाही. पोट आणि छप्पर आधी येते. पण आज आपल्यातल्या पुष्कळांकडे कपाट आहे, मोबाइल आहे, शिक्षण आहे.

तेव्हा संग्राहकांची शिस्त आपणही उचलू. घरातल्या जुन्या वस्तूला पॉलिश करू नका. पदकाच्या कडेवर कोरलेला क्रमांक आणि नाव नीट वाचा, छायाचित्र काढा. ती वस्तू कोणाची, कोणत्या पलटणीतली, घरात कशी आली, हे घरातल्या वडीलधाऱ्यांकडून विचारून तारीख घालून लिहा. सोबतचा कागद वस्तूपासून वेगळा करू नका. विकायची पाळी आलीच तर आधी नोंद करा, मग विका. १९४६ मध्ये बाबासाहेबांनी काळ्यांचे नेते डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांना पत्र लिहिले. ते पत्र आज आपल्याला वाचता येते, कारण ड्यू बॉइस यांचे कागद मॅसॅच्युसेट्सच्या विद्यापीठाने जपून ठेवले. कोणीतरी फाइल लावली म्हणून दोन चळवळींच्या नात्याचा पुरावा उरला.

पॅट गॅरेटच्या रिव्हॉल्व्हरचे कागद होते, म्हणून त्याला साठ लाख डॉलर आले. दहाव्या घोडदळातल्या काळ्या शिपायाचे रिव्हॉल्व्हर तसल्याच पोलादाचे होते. त्याचे कागद कोणी राखले नाहीत, म्हणून ते आज कोणाच्या तरी काचेच्या कपाटात निनावी पडले असेल, किंवा आकडे घासून दुसऱ्याच्या नावाने विकले गेले असेल. आपल्या पूर्वजांच्या वस्तूंचे हे होऊ द्यायचे नसेल, तर या रविवारी घरातली जुनी पेटी उघडा आणि वही घेऊन बसा.

जय भीम.